एकाच माईकवर दोघं

मी अन् माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गाण्यांचे आवाज सारखे करणं. त्या दिवशी संध्याकाळी ती चुलीपाशी ज्वारीच्या भाकरी थापत होती अन् मी अंगणात खाटेवर, जावयानं दिलेला जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. मी एकेक गाणं लावायचो. तिनं पीठ लागलेला हात वर केला की आवाज वाढवायचा. हात खाली दाबला की कमी करायचा. हात परातीतच राहिला तर गाणं पास.

कानात वायर घालून ऐकायला ती तयार नव्हती. म्हणे, "अजी, बाया काय कानात घालून आयकतीन का? बाया भाकरी करता करता आयकतीन. मंग मी बी तसंच आयकते."

गाणी तिचीच होती. दारव्ह्याच्या बाजूच्या आमच्या गावात खंजेरी भजनाचं मंडळ आहे, त्यात ती लग्न होऊन आली तेव्हापासून म्हणायची. काही गाणी जुनी, काही तिनं स्वतः जुळवलेली. गुडघे दुखतात म्हणून तिनं कार्यक्रमाला जाणं बंद केलं, तेव्हा मंडळातल्या नव्या बाया मागे लागल्या, की काकू, आम्हाला चाली शिकायच्या आहेत, गाणी पेनड्राईव्हवर भरून द्या. आम्ही भरून दिली. चार दिवसांत बाया तक्रार घेऊन आल्या. एक गाणं कानठळ्या बसवते, अन् दुसरं लागलं की नाही तेच समजत नाही. पीठ मळता मळता उठून बटण फिरवायला जावं लागते. ही बाया गेल्यावर मला म्हणाली, "इतकी वर्षं दुनियेले भोंगे लावून देल्ले, अन् घरच्या बाईचं गाणं सरकं करता येत नाही तुमाले?"

हे मला लागलं. मी चवथी शिकलेला माणूस आहे, पण लाऊडस्पीकरचा धंदा मी उभी हयात केला. लग्न, बारसं, भागवत, निवडणूक, कोणाच्या मयताचं पुकारणं, सगळं माझ्याच भोंग्यावर. डीजे आले अन् धंदा बसला, ती गोष्ट वेगळी. आवाज म्हणजे काय हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

तरी चूक झाली, अन् ती भोंगेवाल्याचीच चूक झाली. आमच्या धंद्यात एकच भीती, मशीनवरचा लाल दिवा. लाल दिवा लागत राहिला की भोंग्याचं युनिट जळते, अन् मग वरात सोडून तुम्ही दुरुस्तीच्या दुकानात. लॅपटॉपवरही तसाच दिवा आहे, खालून हिरवा, वर लाल. मी काय केलं, सगळी गाणी लाल दिव्याच्या बोटभर खाली आणून ठेवली. एका रांगेत उभे केलेल्या पोरांसारखी. मला वाटलं, झालं काम.

तिनं दोन गाणी ऐकली अन् हसत सुटली.

"हे काय सरकं केलं? इथं मी विहिरीतून बोलून राह्यली, अन् तिथं कोंबड्यायले दाणे टाकून राह्यली."

खरंच होतं. लाल दिवा लागत होता तो खंजेरीच्या थापेनं, तिच्या आवाजानं नाही. ज्या गाण्यात खंजेरी कडक वाजलेली, ते गाणं मी दिवा पाहून खाली दाबलं, अन् त्यात ती बुडाली. जे गाणं तिनं घरीच, एकटीनं म्हटलेलं, ते मी वर ओढलं. तर तिच्यासोबत पंखा, कोंबड्या, शेजाऱ्याच्या फटफटीची किक, सगळं वर आलं.

ती म्हणाली, "दिव्याचं काय घेऊन बसले तुमी? माहा आवाज धरा. माहा आवाज सगळ्यात सरका आला की झालं."

मग आम्ही तिचा आवाज धरून बसलो. आठवडाभर रोज संध्याकाळी एक-दोन गाणी. मला ते काम आवडायला लागलं होतं, हे खरं सांगतो. इतकी वर्षं मी तिचं गाणं ऐकलं ते मशीनपाशी बसून. मशीन कुठे असते? स्टेजच्या मागे, पडद्याच्या आड. म्हणजे मी तिची पाठ पाहिली. पाठ अन् अंबाडा. तोंड पाहिलं ते पेटीवाल्या मास्तरनं.

आता मास्तरबद्दल सांगतो. तो शाळेचा मास्तर नाही, पेटी शिकवतो म्हणून मास्तर. माझ्याच वयाचा. पोरपणी आम्ही एकाच नाल्यात पोहलो. अंगानं काडीसारखा, पण पेटीवर बसला की मानेला असा झटका देई की समोरच्या बाया पदर सावरत. मंडळात सगळे खंजेरी घेऊन उभे राहत. ही मात्र पेटीच्या उजव्या अंगाला बसायची, कारण सवाल-जवाबाचं गाणं असलं की सवाल तो करी अन् जवाब ही देई. सूर उचलायच्या आधी ही त्याच्याकडे पाही. तो डोळ्यानं हो म्हणे. मग ही उचले. अशी शेकडो गाणी झाली असतील. माझ्याकडे पाहून तिनं कधी काही उचललं नाही, चहाची कपबशी सोडून.

कार्यक्रम संपला की लोक म्हणत, "काय जोडी आहे!" अन् मी वायर गुंडाळत असे.

मी जळायचो. लपवून ठेवलं नाही कधी. कार्यक्रमाच्या दिवशी ही लवंगा भाजून न्यायची, घसा साफ राहावा म्हणून, अन् पहिली लवंग मास्तरला द्यायची. मी एकदा म्हटलं, "मलेही घसा आहे." तर म्हणे, "तुमाले कोणती चाल म्हणायची हाय? हॅलो माईक टेस्टिंग?" मंडळातल्या बाया किती दिवस हसल्या.

तर त्या शेवटच्या संध्याकाळी एकच गाणं उरलं होतं. विहिरीचं. "विहिरीचं पाणी गोड गं बाई, दोर पुरेना" असं त्याचं तोंड आहे. तिनंच जुळवलेलं, मास्तरनं चाल बांधलेली. दोघं सोबत म्हणतात. ती ज्या कार्यक्रमात शेवटची बसली, त्याचंच ते रेकॉर्डिंग. तोवर माझा धंदा मोडीत निघाला होता अन् चालू असा एकच माईक होता. आमच्याकडे रीत अशी, की एकच माईक असला तर तो पेटीपुढे ठेवायचा. मी तसाच ठेवला. म्हणजे तो मास्तरच्या तोंडाशी, अन् ही हातभर दूर.

मी गाणं लावलं. तिनं पिठाचा हात वर केला. मी वाढवलं. तिनं अजून वर केला.

मी म्हटलं, "आता नाही वाढत."

"वाढते ना. मी आयकू नाही येऊन राह्यली."

"तुले वाढवलं की तो वाढते. एकाच माईकवर हायेत तुमी दोघं. तुले एकटीले उचलता येत नाही."

"मंग उचला दोघायले."

"मी नाही उचलत."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "काहून?"

"त्याच्या तोंडात दात नव्हते त्या दिवशी. 'स' आला की शिट्टी वाजते. बाया घाबरतीन."

"म्हातारे झाले, तरी जळता?"

"जळतो. तुही काय हरकत हाय?"

"माही कायची हरकत? भाकरी जळून राह्यली तुमच्या पायी." मग ती हसली अन् म्हणाली, "उद्या करा. पण करा. माहं एवढं एकच गाणं लहान राहू नका देऊ. ते मले सगळ्यात आवडते."

सगळ्यात आवडते. म्हणजे त्याच्यासोबतचं. मी लॅपटॉप बंद केला अन् जेवलो. ठेचा जास्त तिखट झाला असं मी म्हटलं. तो नव्हता झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अंगणात सुपात तूर पाखडत होती. जरा पडते म्हणाली अन् आत जाऊन पडली. मी चहा ठेवला, हाक मारली, ती उठली नाही. दारव्ह्याहून डॉक्टर आणला, त्यानं हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं. आर्णीहून पोरगी अन् जावई जीप करून आले. दिवेलागणीच्या आत सगळं आटोपलं. ह्याच्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. तूर तशीच सुपात होती.

पण मास्तरचं लिहितो.

तो आला तो फाटकातूनच रडत आला. माझ्या घरात, माझ्या बायकोच्या पायाशी बसून, पोरासारखा हुंदके देऊन. मला रडू येत नव्हतं. मला लाकडं, गोवऱ्या, जीपवाला, हेच सुचत होतं. लोकांनी मास्तरला धरलं. कोणी त्याला पाणी दिलं, कोणी पाठीवरून हात फिरवला. माझ्या पोरीनं, माझ्या स्वतःच्या पोरीनं, त्याच्यासाठी घरातून खुर्ची आणली. दुरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, ह्याचीच गेली. मी उभाच होतो.

स्मशानातून परत येताना तो माझ्या बाजूनं चालायला लागला. म्हणाला, "भाऊ, ते विहिरीचं गाणं हाय ना तुमच्यापाशी? घरी गेल्यावर एकडाव लावता का?"

मी म्हटलं, "चार्जिंग नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूळ भरली अन् चहाही न घेता लॅपटॉप उघडला. तिनं करा म्हटलं होतं, म्हणून करायला बसलो. आधी तिची बाकीची गाणी एकामागून एक लावली, तिचा आवाज किती हे कानात बसवून घेतलं. मग विहिरीचं गाणं लावलं अन् चढवत गेलो. मास्तर चढला, शिट्टी चढली, मी दातओठ खाऊन चढवत राहिलो. शेवटी तिचा आवाज बाकीच्या गाण्यांइतका आला. चांगला आला. "दोर पुरेना" मधला "ना" ती असा लांबवते की तो कुठे संपला ते सांगता येत नाही.

पण शेवटच्या कडव्यात एक ओळ आहे, त्या ओळीत ती नव्हती. दोघांनी सोबत म्हणायची ओळ. खंजेरी तिथे थांबते, पेटीवर नुसता एक सूर धरलेला असतो. अन् मास्तर तिथे नरड्याच्या शिरा ताणून ओरडतो. बाकी गाण्यात एवढा नाही, त्याच ओळीत. मी पाच-सात वेळा मागे घेऊन ऐकलं. सगळा तोच. पुढच्या ओळीला ती परत येते.

माझं डोकं फिरलं. मेल्यावरही हा तिला बोलू देत नाही. मी लॅपटॉप कापडी पिशवीत घातला अन् चप्पल घालायला लागलो.

पोरगी आडवी आली. "बाबा, कुठी चालले?"

"मास्तरकडे."

"सुतक हाय बाबा! कालच आई गेली. दुसऱ्याच्या घरी जातेत का असं? लोक काय म्हणतीन?"

"घरात नाही शिरत. बाहेरूनच बोलतो."

"काय बोलता? फोन करा ना."

"फोनवर नाही बोलता येत," म्हटलं, अन् निघालो.

मास्तरचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, एसटी थांबते तिथे. रस्त्यात लोक पाहत होते. मी त्याच्या अंगणाच्या कडेला, तुळशीपासून लांब, उभा राहिलो अन् हाक मारली. त्याची बायको बाहेर आली. मला पाहून तिनं तोंडाला पदर लावला. "भाऊजी, या ना आत."

"सुतक हाय मले. मास्तरले पाठव."

मास्तर बनियनवरच आला. रात्रभर झोपला नसावा, डोळे सुजलेले. तेही मला सहन झालं नाही. मी तिथेच मातीत बसलो अन् लॅपटॉप उघडला. तो समोर बसला. सुतकातल्या माणसापासून थोडं लांब बसतात, तो जवळच बसला.

मी ती ओळ लावली. म्हटलं, "आयक. इथं ती कुठी हाय?"

त्यानं ऐकलं.

"खाल्ला ना तिचा आवाज? इतका कायले ओरडला? तिची बी ओळ होती ते. सगळ्या गाण्यात ती हाय, इथंच नाही. काहून?"

"ती म्हणतच नव्हती, भाऊ."

"काय?"

"त्या ओळीले वहिनी थांबे. दम पुरत नव्हता तिले. एक सालापासून पुरत नव्हता. तिनंच मले सांगतलं, की मास्तर, मी इथं श्वास घेते, तुमी जरा मोठ्यानं म्हणा, म्हणजे लोकायले समजणार नाही. म्हणून मी ओरडलो. मले काय शौक होता का?"

गुडघे दुखतात म्हणून कार्यक्रम सोडले, असं मला सांगितलं होतं. घरी रेकॉर्डिंग करताना दोन ओळी झाल्या की उठायची, मला वाटायचं दूध पाहायला उठली.

"तुले सांगतलं," मी म्हटलं. "मले नाही."

"तुमाले सांगतलं असतं तर तुमी गाणं बंद केलं असतं तिचं."

"केलंच असतं. अन् दवाखान्यात नेलं असतं."

"मी बी म्हटलं होतं तिले. यवतमाळले दाखवून ये म्हटलं. तिनं माह्याकडून शपथ घेतली."

त्याच्याकडून शपथ घेतली. माझ्याकडून तिनं कधी कशाची शपथ घेतली नाही. तिचा सूर त्याला माहीत होता, ते मी कसंबसं पचवलं होतं. तिचा दमही त्यालाच माहीत होता. मी तिच्या बाजूच्या खाटेवर झोपत होतो.

त्याची बायको पाणी घेऊन आली. मी नको म्हटलं.

मग मी ती ओळ परत लावली. या वेळी कान मास्तरच्या आवाजाला न देता त्याच्या शब्दांच्या मधल्या फटीला दिला. गाणं इतकं चढवलेलं होतं की फटीतलंही ऐकू येत होतं. अन् तिथे ती होती. एक श्वास. तोंडानं ओढलेला, घाईचा, शेवटी जरा अडकलेला. त्यापुढच्या फटीत दुसरा, त्याहून लहान.

मास्तरनंही ऐकलं. त्यानं लॅपटॉपकडे हात नेला.

"नको लावू हात," मी म्हटलं.

तो म्हणाला, "भाऊ, कमी करा ते. बायायले आयकू आलं तर? वहिनीले नव्हतं पाहिजे."

"मले माहीत हाय काय करायचं ते."

मी तिथेच, त्याच्या अंगणात मातीत बसून ते केलं. आधी त्या दोन फटी कापून घेतल्या अन् वेगळ्या ठेवल्या. मग गाण्यात त्या जागा दाबून टाकल्या अन् मास्तरचे शब्द होते त्याहून वर उचलले. माझ्या हातानं उचलले. दिवा लाल झाला. होऊ दिला. गाणं परत लावून पाहिलं. फक्त मास्तर ओरडत होता, शिट्टीसकट, अन् कोणाच्या बापाला समजलं नसतं की तिथे एक बाई दम घेऊन राहिली आहे.

मास्तर म्हणाला, "माहाच आवाज लागते हो लय. बेसूर वाटते."

"वाटू दे. इतके दिवस हे काम तू केलं. आता मी करतो."

तो हळूच म्हणाला, "ते वेगळं ठेवलं ना तुमी, ते दोन श्वास... ते मले मोबाईलमध्ये देता का?"

"नाही," मी म्हटलं.

"गाणं?"

"गाणं घे. गाण्यात तू हायेसच."

त्याला गाणं दिलं. पिशवी उचलून घराकडे निघालो. पोरगी फाटकातच उभी होती, रागावलेली. तिला बाजूला करून आत गेलो, दार लोटलं अन् ते दोन श्वास लावले. अर्ध्या मिनिटाचंही काम नाही ते. परत लावले. त्या सगळ्या गाण्यात तेवढ्याच जागी मास्तरचं तोंड बंद आहे. त्याच्या पेटीचा सूर मात्र मागे बारीक वाजत राहतो. तो काढायचा मी दुपारपर्यंत प्रयत्न केला. निघाला नाही.